गडाआधी गावचा पार

वडवणीच्या माणसाला ‘फिरायला कुठं जाता?’ असं विचारलं, तर तो आधी तुमच्या तोंडाकडं बघतो. फिरायला म्हणून वेगळं जाणं हा शहरातला प्रकार. इथं माणूस आठवडी बाजारात जातो, जत्रेला जातो, सप्ताहाला जातो, संध्याकाळी पारावर टेकतो. पावसाळ्यात उपळीचं धरण भरत आल्याचं कळलं की लेकराबाळांना मोटारसायकलवर घालून पाणी बघायला जातो. श्रावणात परळी, कार्तिक पौर्णिमेला कपिलधार, अधिक महिन्यात पुरुषोत्तमपुरी. मोकळ्या हवेतली करमणूक ती हीच. तेव्हा दिव्यांग माणसांच्या वाट्याला ती किती येते, हे वडवणीत उभं राहून बघायचं तर समुद्रकिनारा, ट्रेक आणि कॅम्पिंग यांपासून सुरुवात करून भागत नाही. पार, बंधारा, बाजार आणि मंडप इथूनच सुरुवात करावी लागते.

१९९९ मध्ये तालुक्याचा दर्जा मिळालेलं हे गाव बीडहून परळीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आता नगरपंचायत आहे. मुलूख कोरडवाहू आणि ऊसतोडीचा. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडं निघतात आणि गावं निम्मी रिकामी होतात. ऊसतोडीचा हिशेब ‘कोयत्या’वर चालतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. ज्या घरात एकाचा पाय गेलेला आहे, तिथं कोयता पुरा होत नाही आणि उचलही त्या हिशेबानं कमी मिळते. शिवाय तोडीला न जाऊ शकणारं माणूस मागं गावात राहतं, म्हाताऱ्या आईवडिलांबरोबर. त्याला गाडीवर बसवणारा भाऊ, उंबऱ्यावरून उतरवणारी वहिनी, बाजारात नेणारा पुतण्या सगळे फडात. हिवाळा हा खरं तर फिरायचा हंगाम. हवा चांगली, रस्ते कोरडे, जत्रांची रेलचेल. नेमके तेच महिने या माणसाचे घराच्या चौकटीत जातात. सुगम्यतेवरच्या कुठल्याही सरकारी पुस्तिकेत ही अडचण लिहिलेली सापडणार नाही, कारण त्या पुस्तिका रॅम्पची लांबी मोजतात; सोबतीचा माणूस कुठल्या महिन्यात गावात असतो, ते मोजत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यातले जवळपास ६९ टक्के खेड्यांत. महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त. त्या वेळी अपंगत्वाचे प्रकार आठ धरले होते. २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले. म्हणजे आकडा जुना तर आहेच, तोकडाही आहे. माणसंही बदलली आहेत. पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळं कॅलिपर आणि कुबड्या घेऊन शाळेत गेलेली पिढी आता संसारी, मध्यमवयीन आहे. तिच्या जोडीला येताहेत मोटारसायकलच्या अपघातात कंबर मोडलेली तरणी पोरं, मळणीयंत्रात हात गेलेले मजूर, मधुमेहानं पाय काढावा लागलेले बापे आणि मोतीबिंदू वेळेत न काढलेल्या आज्या. यांतल्या बऱ्याच जणांना कालपर्यंत सगळीकडं जायची सवय होती. घरात बसणं त्यांना जास्त जाचतं.

या विषयावर वर्तमानपत्रांत जे येतं ते मात्र बहुतेक शिखरावरचं असतं. दरवर्षी ३१ डिसेंबरला दिव्यांगांची मंडळी कळसूबाई चढतात. छत्रपती संभाजीनगरच्या शिवुर्जा प्रतिष्ठानसारख्या संस्था त्याची आखणी करतात. १६४६ मीटरचं ते शिखर, मध्ये लोखंडी शिड्या, थंडीचा कडाका. एक पाय असलेले, दोन्ही डोळे नसलेले लोक ते चढून जातात आणि नव्या वर्षाचा सूर्य वरून बघतात. पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांची दृष्टी काचबिंदूनं ऐन तारुण्यात गेली. ते एकट्यानं पॅराग्लायडिंग करणारे पहिले अंध भारतीय ठरले. २०१४ मध्ये त्यांनी ॲडव्हेंचर्स बियॉंड बॅरियर्स ही संस्था काढली. तिच्या मनाली ते खारदुंगला सायकल मोहिमेत दोघांच्या जोडसायकलवर एक डोळस आणि एक अंध असे बसतात. गणात्रांचा भर साहसापेक्षा या जोडीवर आहे. दोघं एकाच सायकलवर दहा दिवस घाम गाळतात तेव्हा डोळसाच्या मनातली कीव आपोआप गळते, असा त्यांचा हिशेब. तो पटण्यासारखा आहे.

कळसूबाईच्या मोहिमांबद्दल आदर ठेवूनच एक सांगायला हवं. शिखर सर केलेल्या माणसाचा फोटो छापून आला की गावातल्या अधिकाऱ्याला एक सोयीचं उत्तर मिळतं: ‘बघा, जिद्द असली की सगळं होतं.’ मग नगरपंचायतीच्या बागेचं फाटक अरुंद का, हा प्रश्न जिद्दीच्या खात्यावर जातो. चढणारा वर्षातून एकदा चढतो. उरलेल्या ३६४ संध्याकाळी त्याला घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, कुणाचे उपकार न घेता, नुसतं जाऊन बसायचं असतं. माझ्या मते सगळ्या विषयाचा कस तिथं लागतो.

हे कायद्याला कळत नाही असं नाही. अपंगांच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं २००७ मध्ये मान्य केला. त्याचं ३० वं कलम करमणूक, फुरसत आणि खेळ यांच्यावरच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २९ वं कलम तर वाचून आश्चर्य वाटावं इतकं सविस्तर आहे. करमणुकीची केंद्रं सर्वांना वापरता येतील अशी करा, स्काउट, नृत्य, कलावर्ग, मोकळ्यावरची शिबिरं आणि साहसी उपक्रम यांत दिव्यांगांना सहभागी होता यावं याची सोय करा, असं ते सरकारला सांगतं. ‘सार्वजनिक इमारत’ कशाला म्हणायचं याच्या व्याख्येत धार्मिक, सांस्कृतिक, करमणुकीच्या जागा, रेल्वे स्थानकं आणि बसस्थानकं सगळी येतात. म्हणजे देऊळही सुटत नाही. जुन्या इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. ती कुणाच्या लक्षात आली नाही, यातच काय ते आलं.

पुढं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मुळावरच बोट ठेवलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन. याचिका २००५ सालची. न्यायालय म्हणालं की २०१७ च्या नियमांपैकी १५ वा नियम कायद्याशी विसंगत आहे. कायदा ‘करावंच लागेल’ म्हणतो आणि नियम नुसत्या मार्गदर्शक सूचनांची यादी देतो. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश केंद्राला झाला. दिल्लीत ‘करावं’ आणि ‘करावंच’ यांतला भेद मिटायला वीस वर्षं लागत असतील, तर तालुक्याच्या बांधकाम उपविभागात तो कधी मिटायचा?

आता जमिनीवर येऊ. जमिनीवर म्हणजे अक्षरशः. कारण इथली जमीन काळी आहे. तीनचाकी सायकल डांबरी रस्त्यावर झक्क चालते. हातानं पायडल मारायचं, साखळी पुढचं चाक फिरवते, तोच दांडा वळवून दिशा द्यायची. जून लागला की मात्र गल्लीतली काळी माती चाकाला धरते, मडगार्डच्या आत गोळा होत जाते आणि दहा-वीस फुटांत चाक जाम. सायकलवाला खाली उतरून ते खरवडू शकत नाही. काडी घेऊन कुणीतरी यावं लागतं. सपाट, दाबलेला मुरूम असेल तर ही पाळी येत नाही. पण मुरूम नुसता टाकून ट्रॅक्टरनं पसरला, वर पाणी मारून रोलर फिरवला नाही, तर खडे सुटे राहतात आणि पुढचं चाक त्यात रुततं. पेव्हर ब्लॉकचं वेगळंच. नवे असताना छान, दोन पावसाळ्यांनंतर काही खचतात, काही वर येतात आणि पांढऱ्या काठीचं टोक प्रत्येक फटीत अडकतं. कुबडी घेणाऱ्याचा शत्रू आणखी तिसरा: ओली शहाबादी फरशी. कुबडीच्या टोकाचं रबर झिजलेलं असेल आणि फरशीवर पाणी असेल, तर माणूस आपटणारच. ते रबर स्वस्तात मिळतं, पण वडवणीत मिळत नाही म्हणून लोक सायकलच्या टायरचा तुकडा कापून बांधतात.

मग येतं फाटक. बागेत, ओपन जिममध्ये, नाना-नानी पार्कात जनावरं आणि मोटारसायकली शिरू नयेत म्हणून लोखंडी पाइपांचं नागमोडी फाटक बसवतात. गाय थांबते, गाडी थांबते. त्यांच्याबरोबर व्हीलचेअर थांबते, तीनचाकी थांबते, लेकराची बाबागाडीही थांबते. व्हीलचेअरला निदान ९० सेंटिमीटर मोकळी वाट हवी आणि वळायला त्याहून ऐसपैस जागा. हाताच्या तीनचाकीचा पसारा व्हीलचेअरपेक्षाही मोठा. फाटकाच्या शेजारी एक कुलूपबंद मोठं दार असतं, गवत कापायचं यंत्र आत न्यायला. ‘तिथून या की’ असं सांगतात. किल्ली शिपायाकडं. शिपाई सहा वाजता घरी.

आणि रॅम्प. एक फूट उंची चढायला बारा फूट उतरण, हा साधा नियम कुठल्याही ज्युनिअर इंजिनिअरला पाठ असतो. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट रॅम्प लागतो, शिवाय दोन्ही बाजूंना कठडा आणि वर-खाली थांबायला सपाट जागा. प्रत्यक्षात जागा असते सहा फुटांची, म्हणून सहा फुटांतच तो बसवतात. एकास चार. असल्या उतारावर व्हीलचेअर वर ढकलायला दोन गडी लागतात आणि खाली येताना ती माणसाला पुढं फेकते. वर गुळगुळीत कोबा. तरी कागदावर ‘रॅम्प: होय’ अशी खूण होते, कारण तपासणीच्या तक्त्यात उतार मोजायचा रकाना नसतो. असे रॅम्प शेवटी मोटारसायकल वर चढवून सावलीत लावायच्या कामाला येतात. गुत्तेदाराला दोष देऊन काय उपयोग? त्याला कुणी उतार विचारलेलाच नाही.

पाराचं उदाहरण यापेक्षा सोपं आहे आणि म्हणूनच जास्त बोचतं. वडा-पिंपळाभोवतीचा दगडी पार कुठं गुडघ्याएवढा, कुठं कमरेएवढा. तीनचाकीची सीट साधारण दीड-पावणेदोन फुटांवर असते. पाराची एखादी बाजू त्याच उंचीची ठेवली, तिच्यापुढं सायकल आडवी लावण्यापुरती सपाट जागा केली आणि धरायला एक पाइप रोवला, तर माणूस कुणाचाही हात न धरता सायकलवरून पारावर सरकतो. बस्स, एवढंच. त्यासाठी सल्लागार नको, योजना नको. गावात पाराचा जीर्णोद्धार निघतोच, वर्गणीही जमते. मग ग्रॅनाइट बसवतात आणि तीन पायऱ्या वाढवतात.

घरापासून जरा लांब जायचं म्हटलं की एसटी आली. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, आणि खेड्यातल्या माणसाला तिचा फार मोठा आधार आहे हे मान्यच. पण सवलत तिकिटावर आहे, पायरीवर नाही. पहिली पायरी गुडघ्याच्या वर, दार अरुंद, मधला दांडा. कंडक्टर भला असला तर दोन्ही काखांत हात घालून वर घेतो. व्हीलचेअर टपावर किंवा गावातच. शाळांच्या सहलींना एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळं खेड्यातल्या पोरांनी जी काही अजिंठा-वेरूळ पाहिली ती एसटीच्या जिवावर. त्याच सहलीच्या यादीतून मात्र एक नाव हळूच गळतं. ‘तुला त्रास होईल, तू घरी थांब’ असं गुरुजी प्रेमानंच सांगतात. आईबापही मान डोलवतात. त्या पोराच्या आठवणीत वेरूळ म्हणजे सोबत्यांनी येऊन सांगितलेली गोष्ट. दहावीपर्यंत एकदाही वेशीबाहेरच्या सहलीला न गेलेलं मूल मोठं झाल्यावर ‘मला इथं जायचंय’ म्हणून अर्ज करेल, ही अपेक्षाच चुकीची.

जत्रेत आणि देवळात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तिथं दिव्यांग माणूस दिसतो, पण एकाच भूमिकेत: ओळीत बसलेला, पुढ्यात फडकं अंथरलेला. त्यामुळं परळीच्या देवळाच्या पायऱ्यांशी स्वतःच्या व्हीलचेअरवर, इस्त्रीचे कपडे घालून, दर्शनाला आलेला माणूस जरा थांबला की कुणीतरी त्याच्या मांडीवर नाणं ठेवून पुढं जातं. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. घेणाऱ्याचा दिवस मात्र तिथंच संपतो. त्यात चामड्याचे पट्टे असलेला कॅलिपर चालतो का, व्हीलचेअरची चाकं म्हणजे चप्पलच की नाही, असले वाद देवळादेवळांत झडतात. चाकं पुसायला दारात एक ओलं फडकं ठेवणं हे त्याचं उत्तर, आणि काही देवस्थानांनी स्वतःची वेगळी व्हीलचेअर आत ठेवून तो प्रश्न सोडवलाही आहे. पुरुषोत्तमपुरीला गोदावरीकाठी अधिक महिन्यात लोटणारी गर्दी, कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला डोंगरातून पायी येणाऱ्या दिंड्या, गावोगावचे हरिनाम सप्ताह. या सगळ्यांत स्वयंसेवकांची फौज असते, शिस्त असते, लाखो भाकरी जमवायची ताकद असते. एवढी यंत्रणा हाताशी असताना मंडपात पुढच्या बाजूला खुर्च्यांची एक रांग, पंगतीत दोन टेबलं, दुकानांच्या दोन ओळींत बैलगाडी जाईल एवढी एक मोकळी वाट, एवढ्यासाठी शासनाकडं कशाला बघायचं? मोठ्या सप्ताहांत आता एलईडी पडदे लागतात. कीर्तनात चाललेल्या अभंगाचे शब्द त्या पडद्यावर आले, तर ऐकू न येणाऱ्या पण वाचता येणाऱ्या माणसाला तीन तास नुसते ओठ बघत बसावं लागणार नाही.

उंचीचं काय करायचं, यावर महाराष्ट्रानं आजवर दोन उत्तरं काढली आहेत. एक यंत्राचं. रायगडचा रोपवे १९९६ पासून चालतो, सप्तशृंगगडावर २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली आहे, आणि त्यामुळं हजारो म्हाताऱ्या, अधू माणसांना वर जाता आलं. पण यंत्र फक्त चढ सोडवतं. रायगडावर पाळण्यातून उतरल्यावर जगदीश्वरापर्यंतची वाट दगडधोंड्यांचीच. दुसरं उत्तर डोलीचं. अजिंठ्यात, घारापुरीत खुर्चीला दांडे लावून चौघं उचलून नेतात. डोलीवाल्यांचं पोट त्यावर आहे आणि ज्याला गुहेतला पद्मपाणी बघायचाय त्याला ती नाकारता येत नाही. तरी डोलीत बसलेला माणूस सामान असतो. कुठं थांबायचं, किती वेळ बघायचं, हे खांदा देणारे ठरवतात.

फ्रान्समध्ये जोएल क्लोदेल नावाच्या माणसानं १९८७ मध्ये डोलीचीच एक चुलत बहीण तयार केली. त्याचा पुतण्या स्नायूंच्या आजारानं चालू शकत नव्हता आणि काकाला त्याला डोंगरात न्यायचं होतं. त्यानं खुर्चीच्या खाली एकच चाक बसवलं, पुढं-मागं दांडे लावले. भार चाकावर, तोल माणसांवर. दोघं-तिघं मिळून अरुंद पायवाटेनं तासन्‌तास नेऊ शकतात, आणि बसणाऱ्याशी गप्पा मारता येतात कारण कुणाला धाप लागत नाही. ‘जोएलेट’ म्हणून ती आता जगभर वापरतात. परदेशी किंमत इथं परवडायची नाही, पण कल्पना बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात बसेल अशी आहे. एक मोटारसायकलचं चाक, शॉकॲब्सॉर्बर, दीड इंची पाइप, जुन्या बसची सीट. स्कूटीला मागं दोन जादा चाकं लावून देणारे कारागीर तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांनीच खेड्यातल्या दिव्यांगांना खरी मोकळीक दिली. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात, जे १९९४ मध्ये जाहीर झालं, अशा दोन खुर्च्या असत्या तर? पहाटे मोर ओरडताना ऐकायला डोळेही लागत नाहीत आणि पायही.

नेण्या-आणण्याच्या इतिहासात मराठी माणसांनी मोठी कामं केली आहेत, हे विसरू नये. बाबा आमट्यांना मणक्याच्या दुखण्यानं बसता येत नसे. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा निघाली तेव्हा तरुण सायकलींवर आणि बाबा सोबतच्या बसमध्ये आडवे, असा तो प्रवास झाला. बसण्याची अट न घालता बसच बदलली, हे त्या यात्रेतलं कुणी फारसं न सांगितलेलं काम. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी घरांत पोचलं, पण चाकाची खुर्ची घरांबाहेर तितकीशी पोचली नाही. व्हीलचेअरवरून वावरणाऱ्या सोनाली नवांगुळ यांना २०२० चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. लेखक म्हणून त्या हव्या तिथं बोलावल्या जातात. सभागृहाला पायऱ्या किती, हे आधी विचारायची पाळी मात्र अशा पाहुण्यांवरच येते.

बायकांचा प्रश्न यात वेगळा काढावा लागतो. बाजारात, जत्रेत, धरणावर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नसतं. असलं तर पायऱ्या चढून आणि उकिडवं बसायचं. जिला गुडघा वाकवता येत नाही, त्या बाईनं बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणीच न पिणं हे इतकं सर्रास आहे की त्याची कुणी तक्रारही करत नाही. वर ‘तिला कशाला ओढत न्यायची, टीव्ही लावून द्या’ हे घरचं मायेचं वाक्य. मतिमंद मुलाच्या आईची भीती आणखी निराळी: डीजेच्या दणक्यानं तो बिथरेल, गर्दीत हात सुटेल. तिला रॅम्प नको असतो. डीजे सुरू व्हायच्या आधीची दोन तासांची जत्रा हवी असते, आणि हरवलेल्यांच्या मंडपात समजूतदार माणूस.

बाहेर काय चाललंय? चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये पाण्याजवळपर्यंत जाणारी अडीचशे मीटरहून लांब लाकडी वाट झाली. पहिल्यांदाच समुद्राजवळ गेलेल्या व्हीलचेअरवरच्या माणसांचे फोटो देशभर छापून आले. पंधरवड्यातच मंदौस वादळानं वाट उखडली. पालिकेनं ती पुन्हा बांधली, आणि मला त्या प्रकल्पातली ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. नागपूरच्या पारडी भागात सुमारे ९० हजार चौरस फुटांवर ‘अनुभूती’ नावाच्या सर्वसमावेशक उद्यानाची आखणी झाली, स्पर्श आणि वास यांच्या बागेसह. पणजीत जानेवारी २०२३ पासून पर्पल फेस्ट भरू लागला. केरळनं पर्यटनस्थळं अडथळामुक्त करायची योजनाच घेतली. सगळं स्तुत्य आणि सगळं शहरातलं किंवा पर्यटकांच्या वाटेवरचं. ६९ टक्के खेड्यांत, हा आकडा इथं पुन्हा आठवावा.

पैसा नाही, हे कारण अर्धंच खरं आहे. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असा शासनाचा दंडक आहे. बऱ्याच ठिकाणी ते दिवाळीच्या सुमारास रोख वाटले जातात किंवा साहित्य वाटपाच्या फोटोत संपतात. रोखीला नावं ठेवायचं कारण नाही; घर चालवायला ती लागते. निराधार योजनेचं अनुदान दिव्यांगांसाठी दीड हजारांवरून अडीच हजार करायचा निर्णयही २०२५ मध्ये झाला. पण पार, बाग, धरणाची वाट यांची सुगमता या पाच टक्क्यांतून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती मूळ कामाच्या अंदाजपत्रकातच असायला हवी. बाग करताना फाटक लागतंच. रुंद लागतं की अरुंद, एवढाच फरक. बांधताना केलं तर खर्च जवळपास तोच. फोडून करायचं तर दुप्पट, आणि तेही दिव्यांगांच्या वाट्यातून.

वडवणीसाठी हा मुद्दा आत्ताच का निघतो, त्याला कारण रेल्वे आहे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत पहिली गाडी आली. पुढचा रूळ वडवणीवरून परळीकडं जातो. म्हणजे या गावात लवकरच कोऱ्या जागेवर एक सार्वजनिक वास्तू उभी राहणार: फलाट, पोचरस्ता, रिक्षातळ, स्वच्छतागृह, झाडाखालची बाकडी. खेड्यात स्टेशन हीही फिरायची जागा असते. गाडी बघायला जाणं हा म्हाताऱ्यांचा आणि पोरांचा जुना नाद. तिथं जुन्या पायऱ्यांची सबब कुणाला सांगता येणार नाही. स्टेशनच्या आतलं रेल्वे बघेल. स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता, त्याची साइडपट्टी, त्यावरची मोरी हे इथल्यांनाच बघावं लागेल.

तपासणी करायला तालुक्यात सुगमतेचा जाणकार कोण, असं विचारलं जातं. मला वाटतं, तीनचाकीवाला. बागेचं, घाटाचं, स्मशानभूमीतल्या बाकड्यांचं, कुठलंही काम पुरं झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी गावातल्या एका तीनचाकीवाल्यानं, एका कुबडीवाल्या बाईनं आणि एका अंध माणसानं रस्त्यापासून आतपर्यंत जाऊन यावं, कुणी न ढकलता. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. जिथं अडलं तिथं खडूनं खूण करावी. त्या दिवसाचा त्यांचा रोजगार बुडेल तो द्यावा. खुणा पुसल्या गेल्यावर गुत्तेदाराचं अंतिम बिल निघावं. सोयी नसतील तर इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असं कायद्याचं ४४ वं कलम सांगतंच. बाग आणि पार यांनाही ती अट लावायला नगरपंचायतीचा एक ठराव पुरे. त्याला एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो, आणि सभा पहिल्या मजल्यावर असेल तर ती तेवढी खाली घ्यावी लागते.